छापलेली गाठ आणि आत्याचा प्रश्न

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त केडगाव, अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रेणुकामातेच्या या गावात मी यापूर्वी अनेकदा आलो, तो बहुधा वार्ताहर म्हणून. कधी नवरात्रातील यात्रेसाठी, कधी निवडणुकीसाठी, कधी कांद्याच्या भावावरून पेटलेल्या आंदोलनासाठी. व्यासपीठावर उभा राहून बोलण्याचा प्रसंग आजचा पहिलाच. त्यातून विषय विज्ञानाचा आणि मी पडलो कला शाखेचा पदवीधर. संयोजकांना मी हे आधीच सांगितले होते. त्यावर ते म्हणाले, "शास्त्रज्ञ बोलले की आम्हाला समजत नाही आणि समजले नाही हे त्यांना सांगायचा धीर होत नाही. तुम्ही बोला." तेव्हा जे मला समजले तेवढेच सांगतो.

आजचा विषय आहे, प्रयोगशाळेत छापलेली कर्करोगाची गाठ. छापलेली हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. ज्या अर्थाने आमचे साप्ताहिक छापले जाते, जवळजवळ त्याच अर्थाने आज माणसाच्या कातडीचा तुकडा आणि त्या कातडीतील कर्करोगाची गाठ यंत्रावर छापता येते. परंतु तेथे जाण्यापूर्वी मला माझ्या आत्याविषयी सांगितले पाहिजे, कारण या विषयाकडे मी तिच्यामुळे वळलो.

आत्या चौदा वर्षांची असताना चुलीवरचे उकळते पाणी तिच्या उजव्या पायावर सांडले. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी भाजली. जखम भरली, पण व्रण राहिला. चकचकीत, ताणलेला, कडेला गाठाळ. त्या पायावर तिने तीस-पस्तीस वर्षे शेतात काम केले. पुढे त्याच व्रणात एक लहानशी जखम झाली आणि ती भरेना. हळद लावून झाली, झाडपाल्याचे लेप झाले, कोणी बाहेरचे आहे म्हणून सांगितले, तेही झाले. गावातील दवाखान्यात दोन वर्षे मलमपट्टी चालली. त्या जखमेचा तुकडा काढून तपासावा असे कोणालाही सुचले नाही. त्या वेळी मी नुकताच वृत्तपत्रात लागलो होतो, रोज जगाच्या बातम्या लिहीत होतो. पण आमच्या घरातील त्या जखमेची मीही चौकशी केली नाही. शेवटी मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा निदान झाले, त्वचेचा कर्करोग. पाय मांडीपासून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यानंतर आत्याने मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "अरे, तो पाय त्यांनी काय केला?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

भाजल्याच्या जुन्या व्रणात पुष्कळ वर्षांनी होणाऱ्या या कर्करोगाला वैद्यकात मार्जोलिनचा व्रण असे नाव आहे. मार्जोलिन नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ साली अशा जखमांचे वर्णन केले होते. आपल्या त्वचेत रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळच कमी आढळतो, हे खरे आहे. पण म्हणून तो आपल्याला होतच नाही, ही समजूत घातक ठरते. आपल्याकडे तो वेगळ्या वाटेने येतो. जुन्या व्रणातून येतो, तळपायाच्या काळ्या डागातून येतो आणि वस्त्राच्या गाठीतूनही येतो.

वस्त्राच्या गाठीतून, हे ऐकून काही जण चमकले असतील. आज २८ फेब्रुवारी. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधाची आठवण म्हणून हा दिवस आपण विज्ञान दिन मानतो. परंतु १९४१ साली याच तारखेला मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तेथे विकृतिशास्त्राचे काम पाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्या देशातील कर्करोग संशोधनाचे आद्य पुरुष. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीयांच्या निरनिराळ्या सवयींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. त्यांतील एक धोतराचा कर्करोग. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळलेले धोतर, त्याखाली घाम, धूळ, सततचे घर्षण. आधी कातडीचा रंग बदलतो, मग ती जाड होते, मग जखम होते, आणि ती जखम भरत नाही. पुढे साडीच्या बाबतीतही हेच आढळले. अगदी २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. एकीला परकराच्या नाडीने, दुसरीला लुगड्याच्या गाठीने. माझ्या समोर बसलेल्या आजींनी भिऊन जाऊ नये. हे क्वचित घडते. नाडी थोडी सैल बांधावी, रोज एकाच जागी आवळू नये, आणि कमरेवरची जखम लाजेखातर लपवू नये, इतके केले तरी पुरे.

खानोलकरांचे मोठेपण मला यात दिसते की, त्यांनी परदेशातील पुस्तक उघडून त्यातला रोग आपल्या माणसांत शोधला नाही. त्यांनी समोरच्या माणसाचे धोतर पाहिले. आज जे मी सांगणार आहे त्याला हीच कसोटी लावायची आहे, म्हणून हे लक्षात असू द्या.

त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या डॉ. कमल रणदिवे. नगर जिल्ह्याने हे नाव विसरता कामा नये. का, ते पुढे सांगतो. पूर्वाश्रमीच्या त्या कमल समर्थ, जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. शेतकी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केले, त्यात त्यांचा विशेष अभ्यास सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा! लग्न झाले ते गणिताच्या अभ्यासकाशी, जयसिंगराव रणदिवे यांच्याशी, आणि पत्नीच्या शिक्षणात त्यांनी मनापासून साहाय्य केले. १९३९ मधली ही गोष्ट आहे. १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवून कमलाबाई अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊती-संवर्धनाचे तंत्र शिकल्या.

जॉर्ज गे हे नाव जगाला ठाऊक आहे ते हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीमुळे. १९५१ साली तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा डॉक्टरांनी काढला. तो गे यांच्या प्रयोगशाळेत गेला, त्यातील पेशी काचेत वाढू लागल्या, आणि त्या आजतागायत जगभर वाढत आहेत. ती स्त्री त्याच वर्षी वारली. तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या घरच्यांनाही पुढे कित्येक वर्षे कोणी सांगितले नाही. या गोष्टीकडे मी परत येईन.

कमलाबाई परतल्या आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील अशा प्रकारची पहिली, असा तिचा उल्लेख होतो. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी आणि विषाणूंशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. आणि निवृत्तीनंतर या बाई कोठे आल्या? आपल्या अकोले तालुक्यात, राजूरला! सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली, खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्यात आयुष्य गेलेली विदुषी सह्याद्रीच्या उतारावर मुलांची वजने करीत हिंडली. त्यांचे २००१ मध्ये निधन झाले. आपल्या जिल्ह्यात त्यांच्या नावाचा एखादा रस्ता असल्यास मला सांगावे, मला तरी आढळला नाही.

आता मुख्य विषय. काचेच्या बशीत पेशी वाढविण्याचे जे तंत्र कमलाबाईंनी आणले, त्यात एक उणीव होती, आणि ती सर्वांनाच ठाऊक होती. बशीत पेशी सपाट पसरतात. शरीरात त्या तशा नसतात. तेथे पेशीला वर, खाली, चहूबाजूंनी शेजार असतो. कातडीत सर्वांत वर बाह्यत्वचा, तिच्या तळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी, त्याखाली तंतूंनी विणलेली अंतस्त्वचा. रंगपेशींचा कर्करोग, ज्याला मेलानोमा म्हणतात, किती खोल उतरला यावर रोग्याचे भवितव्य ठरते. मिलिमीटरचे अंतर तेथे आयुष्याचे अंतर असते. सपाट बशीत खोलीच नसेल तर उतरणार कोठे? म्हणून बशीत कर्करोग मारणारे औषध माणसात निष्फळ ठरते. उंदराचे म्हणाल तर त्याची कातडी माणसासारखी नसते आणि त्याची प्रतिकारशक्तीही निराळी. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या कर्करोगाच्या औषधांपैकी दहांतील नऊ तरी बाद होतात. त्यांत जातो तो पैसा सोडून द्या. त्यात रोग्यांची वर्षे जातात.

यावर उपाय म्हणून छपाई. मुंबईतील एका प्रयोगशाळेत मला असे यंत्र पाहायला मिळाले. तेथील तरुण संशोधिका मला बराच वेळ इंग्रजी संज्ञा समजावून सांगत होती. शेवटी मी तिला म्हणालो, "बाई, हा तर कुरडयांचा सोऱ्या!" ती क्षणभर थांबली आणि मग हसत म्हणाली, "हो, आणि आमची सगळी अडचण चिकाचीच आहे."

येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीला ती अडचण माझ्यापेक्षा चांगली समजेल. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक शिजवताना हात किती जपून चालवावा लागतो! पातळ राहिला तर कुरडई ताटात पसरते, घट्ट झाला तर सोऱ्यातून उतरत नाही. या यंत्रात चिकाच्या जागी असते हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारा, तंतूंच्या जाळीचा लगदा. त्यात जिवंत पेशी कालवलेल्या असतात. संगणक सुई हलवितो आणि नकाशाप्रमाणे थरावर थर घालतो. आधी अंतस्त्वचेच्या पेशींचा थर, त्यावर बाह्यत्वचेचा, मध्ये नेमक्या जागी कर्करोगाच्या पेशींचा ठिपका. दाब जास्त झाला तर सुईतून बाहेर पडताना पेशी चेंगरून मरतात. दाब कमी झाला तर धार तुटते. आणि हे सारे होईपर्यंत पेशींना उपास घडता कामा नये, त्यांना ऊब हवी, पोषण हवे.

छापून झाल्यावर ती रचना टिकली पाहिजे. समुद्रातील तपकिरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट कॅल्शियमच्या संपर्कात आले की क्षणात घट्ट होते. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्या जशा कडक होतात, तसेच हे. तेथेही कॅल्शियमच काम करते. जिलेटिन मात्र शरीराच्या उबेला वितळते, म्हणून त्यात रासायनिक फेरफार करून प्रकाशाने ते बांधून घ्यावे लागते. कोलॅजेन हा तर आपल्या कातडीतलाच मुख्य तंतू. पेशींना तो घरच्यासारखा वाटतो, पण मऊ असल्यामुळे छापायला अवघड. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. सौरभ घोष यांच्या प्रयोगशाळेने रेशमातील प्रथिन आणि जिलेटिन यांचे मिश्रण वापरून या क्षेत्रात चांगले काम केले आहे, माणसाच्या त्वचेची प्रतिकृतीही छापली आहे. हैदराबादच्या संशोधकांनी २०२२ मध्ये माणसाच्या नेत्रपटलातून काढलेल्या द्रव्याचा वापर करून कृत्रिम नेत्रपटल छापल्याचे जाहीर केले. म्हणजे हे सारे सातासमुद्रापलीकडचे राहिलेले नाही.

आणि कल्पनाही अगदीच नवी नाही. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या पिलाचा मज्जातंतू शरीराबाहेर वाढविला तो गोठलेल्या लसिकेच्या थेंबात. तोही नैसर्गिक जेलच होता. यंत्र नवे आहे, लगदा जुना.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. तो आला पाहिजे. जिलेटिन येते कोठून? गाई-डुकरांच्या कातड्यांपासून आणि हाडांपासून. गाठी वाढविण्यासाठी जगभर वापरले जाणारे आणखी एक प्रसिद्ध जेल उंदराच्याच अर्बुदापासून काढतात. रेशमासाठी किडे उकळावे लागतात. मी हे लपवून ठेवणार नाही. ज्यांना हे खटकते त्यांच्या भावनेची टवाळी करणारा मी नव्हे. माझ्याही मनाला ते खटकले. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. छापलेल्या त्वचेवर औषध तपासता आले तर किती उंदीर, ससे आणि माकडे वाचतील, हेही त्याच वहीत लिहावे लागेल. आपल्या सरकारने मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी अशा मानवी पेशींच्या प्रतिकृतींवर चाचणी करण्यास वाट मोकळी केली. अमेरिकेत तसा कायदा त्याआधी तीन महिने, डिसेंबर २०२२ मध्ये झाला होता. शेवाळाचे अल्जिनेट तर कोणत्याही व्रतस्थाला चालावे. मात्र नुसत्या अल्जिनेटला पेशी चिकटत नाहीत, त्यात दुसरे काही मिसळावे लागते. निसर्ग आपल्या सोयीने वागत नाही.

दुसरा प्रश्न या प्रकारच्या सभेत हमखास विचारला जातो, म्हणून आधीच उत्तर देतो. हे सारे आपल्या ग्रंथांत होते काय? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या अध्यायात, त्वचेचे सात थर सांगितले आहेत. त्यांची नावे दिली आहेत आणि जाडीही दिली आहे, भाताच्या दाण्याच्या मापाने. सर्वांत वरचा थर दाण्याच्या अठराव्या भागाइतका. तापणाऱ्या दुधावर साय धरावी तशी त्वचा तयार होते, असा दृष्टान्त आहे. डोळ्यांनी आणि शस्त्राने इतके बारीक पाहणारी दृष्टी होती, याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण सुश्रुतांच्या ग्रंथात जेल नाही, यंत्र नाही, पेशी नाही. नसलेले आहे म्हणून सांगितल्याने त्या ऋषितुल्य वैद्याचा गौरव होत नाही. त्यांनी प्रेत पाण्यात ठेवून, थर थर सोलून पाहायला सांगितले होते. त्यांचा वारसा सांगायचा तर हाताने पाहावे लागेल.

आता या छापलेल्या गाठीने साधले काय, हे प्रामाणिकपणे सांगतो. अशा गाठीवरून एखादा कर्करोग बरा करणारे औषध उद्या तुमच्या औषधांच्या दुकानात येईल, असे कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. आज त्यात दिसते ते असे : पेशी खोल कशा उतरतात, शेजारच्या निरोगी पेशींना आपल्या बाजूला कशा वळवतात, औषध गाठीच्या गाभ्यापर्यंत पोहोचते की वरच्या थरातच संपते. रक्तवाहिनी नसेल तर प्राणवायू मिलिमीटरच्या पाचव्या भागापलीकडे जात नाही. म्हणून छापलेल्या गाठीच्या मध्यभागी पेशी गुदमरतात. खऱ्या गाठीतही असेच होते आणि तेथेच औषधाला न जुमानणाऱ्या पेशी तगून राहतात. सपाट बशीत हे कधी दिसलेच नसते. उणिवाही आहेत. छापलेल्या त्वचेत रक्ताभिसरण नसते, प्रतिकारशक्तीच्या पेशी बहुधा नसतात. दोन प्रयोगशाळांचा चीक सारखा नसतो, त्यामुळे एकीचा निष्कर्ष दुसरीत पडताळताना घोळ होतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. छापायच्या त्या गाठीत पेशी कोणाच्या?

मेलानोमाच्या संशोधनात वापरले जाणारे पेशींचे बहुतेक वाण गोऱ्या रोग्यांपासून मिळालेले आहेत. त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांच्या गाठींत बीआरएएफ नावाच्या जनुकात एक विशिष्ट बिघाड असतो, आणि त्यावर २०११ पासून गोळी उपलब्ध आहे. आपल्याकडे मेलानोमा पुष्कळदा तळपायावर, टाचेवर, नखाखाली होतो, आणि त्या प्रकारात हा बिघाड बराच कमी आढळतो. म्हणजे यंत्र कितीही उत्तम आणले आणि पेशी परक्याच भरल्या, तर आपण दुसऱ्याच्या रोगाची सुबक प्रतिकृती छापीत बसू. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत पूर्वी भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या कर्करोगातून पेशींचे वाण तयार केले गेले. तळपायाच्या आणि भाजल्या व्रणाच्या गाठींसाठीही तसेच व्हायला हवे. खानोलकरांनी धोतर पाहिले ते याच दृष्टीने.

पण त्यासाठी रोग्याकडून ताजा तुकडा हवा, आणि तो मागून घ्यायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, संशोधनासाठी ऊतक घेताना रोग्याची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, भेदरलेल्या शेतकऱ्यापुढे इंग्रजी मजकुराचे चार कागद येतात आणि तो अंगठा उठवितो. त्याला मराठीत कोणी सांगते का, की तुझ्या पायातल्या पेशी कदाचित तुझ्यानंतरही जगतील, त्यांवर औषध तपासले जाईल, त्यातून कोणाला पैसाही मिळेल? माझा अनुभव असा की, नीट सांगितले तर आपला माणूस सहसा नाही म्हणत नाही. जो समाज नेत्रदान करतो तो गाठीचे दान का करणार नाही? पण दान हे विचारून घ्यायचे असते. हेन्रिएटा लॅक्सला विचारले नाही, आणि माझ्या आत्यालाही कोणी काही सांगितले नाही.

आत्या त्यानंतर अकरा वर्षे जगली, कुबडीवर, पण ताठ मानेने. या विषयावर लिहायला घेतले तेव्हा एका निवृत्त विकृतिशास्त्रज्ञांना मी तिचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, कापलेल्या अवयवाची विल्हेवाट रुग्णालय लावते. गाठीचा लहानसा तुकडा मात्र मेणाच्या चौकोनी ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याच्या पातळ चकत्या काढून निदान करतात, आणि तो ठोकळा वर्षानुवर्षे जपून ठेवला जातो. मेणातल्या त्या पेशी मेलेल्या असतात; त्यांची गाठ छापता येणार नाही, पण त्यांचे जनुक बरेच काही वाचता येते. म्हणजे पायाचे काय झाले, तर बहुतेक भाग अग्नीत गेला आणि नखाएवढा एखाद्या कपाटात, क्रमांकाच्या चिठ्ठीसह, कदाचित अजून असेल.

तिला हे सांगायला मला फार उशीर झाला. तुमच्या घरात कोणाच्या जुन्या व्रणात जखम झाली असेल आणि महिनाभरात भरली नसेल, किंवा तळपायावरचा काळा डाग वाढत असेल, तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा आणि तुकडा तपासा म्हणून तुम्ही होऊन सांगा. आणि तो तुकडा पुढे कोठे जाणार आहे, तेही विचारा.